स्पार्क प्लग आणि मॅनिफोल्डचे तुटलेले स्टड
(वाहनमालक सभासदांसाठी)



गळीत हंगाम सुरू झाला की ज्यांच्या घरी ट्रक, मिनी ट्रक किंवा पिकअप आहे त्यांच्या गाडीला उसंत मिळत नाही. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा हे आपण सर्व जाणतो. तो फडात किंवा गाडीवर पडून राहिला की त्यातले पाणी उडते, वजन घटते आणि आतल्या साखरेचीही मोडतोड सुरू होते. तेव्हा पांदण रस्त्यात बंद पडलेल्या गाडीचा भुर्दंड एकटा गाडीमालक भरत नाही, ज्याचा ऊस वर भरलेला आहे तो सभासदही भरतो. म्हणून गाडीच्या दोन दुरुस्त्यांविषयी येथे लिहिले आहे. दोन्ही कामे तशी लहान आहेत. हंगामाआधी निवांतपणे केली तर एका दिवसात होतात. हंगामात, भरल्या गाडीखाली आडवे पडून घाईने केली, तर इंजिनाचे हेड उतरवण्यापर्यंत मजल जाते.

ट्रकला प्लग असतो काय?

बरेच जण म्हणतील, "डिझेल गाडीले कुठला आला प्लग?" बरोबर आहे. डिझेल इंजिनात नुसती हवा आत घेऊन ती इतकी दाबली जाते की त्या दाबानेच तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. तेथे ठिणगीचे काम नाही. काही डिझेल गाड्यांना थंडीत चालू होण्यासाठी हीटर प्लग असतात. ते नुसते तापतात, ठिणगी पाडत नाहीत. त्यांचा आणि स्पार्क प्लगचा संबंध नाही.

पण आपल्याकडचे जुने ट्रक पुष्कळसे पेट्रोलवरच चालत. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला डॉज व फार्गो बनावटीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. (वालचंदनगरचा साखर कारखानाही याच वालचंदांचा, हे ऊसवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.) पुढे १९५४ साली टेल्कोने डेम्लर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार केला, डिझेल ट्रक रस्त्यावर आले आणि हळूहळू प्लगवाला ट्रक दिसेनासा झाला.

आता तो पुन्हा आला आहे. टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', २००५ साली आला तो डिझेलवर. आज तो पेट्रोल आणि सी.एन.जी.वरही मिळतो. मारुतीची सुपर कॅरी ही मालगाडी पेट्रोल व सी.एन.जी.वर चालते. मोठ्या कंपन्यांचे सी.एन.जी. ट्रकही रस्त्यावर धावत आहेत. गॅस हा डिझेलसारखा नुसत्या दाबाने सहज पेटत नाही, त्याला ठिणगी लागतेच. तेव्हा गाडी पेट्रोलची किंवा गॅसची असेल तर प्लगचा भाग वाचा. गाडी डिझेलची असेल तर तो सोडून स्टडच्या भागाकडे वळले तरी चालेल. स्टड सर्वांनाच आहेत.

प्लग काढताना

प्लग थंड इंजिनातच काढावा. आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांचे हेड ॲल्युमिनियमचे असते आणि प्लगचे अंग पोलादी. गरम असताना जोर लावला तर मऊ ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर सोलून निघतात. संध्याकाळी गाडी उभी करावी, सकाळी काम करावे.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. प्लगच्या टोप्या किंवा कॉइल काढताना टोपी धरून ओढा. वायर धरून ओढली की आतून तुटते आणि बाहेरून कळतही नाही. कोणती वायर कोणत्या सिलिंडरची, यावर चिकटपट्टी लावून आकडा लिहा. नंतर प्लगच्या खड्ड्यात हवा मारा. आपल्याकडे धानाच्या कोंड्याची, पाचटाची आणि कच्च्या रस्त्याची धूळ त्या खड्ड्यात मूठ मूठ साचते. प्लग निघताच ती थेट सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनच्या रिंगा घासते. हवेचा पंप नसेल तर सायकलचा पंप चालतो.

प्लग अर्धा फेरा फिरून अडला तर दामटू नका. थोडा परत घट्ट करा, आट्याशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब टाका, अर्धा तास थांबा, मग पुढे-मागे, पुढे-मागे करत काढा.

काढलेले प्लग फेकण्याआधी ओळीने मांडून पाहावेत. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक जळते आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा हवेचा फिल्टर तुंबला आहे. ओले, तेलकट काळे असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल येते आहे, आणि नवा प्लगही थोड्याच दिवसांत तसाच होईल. पांढरे पडून वितळल्यासारखे दिसत असेल तर ते सिलिंडर फार तापते आहे. कारण शोधल्याशिवाय गाडी ऊस ओढायला लावू नये. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्याच सिलिंडरचा समजावा.

नवा प्लग घेताना दुकानदाराच्या 'यही चलता है' वर विसंबू नये, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला नंबरच घ्यावा. आट्यांची लांबी जास्त असली तर प्लग पिस्टनला भिडू शकतो. साधे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे त्याहून बरेच अधिक. पण पुस्तिकेतला आकडा तोच खरा, आणि गॅसवर चालणाऱ्या गाडीत तो कमी असू शकतो. दोन टोकांमधली फट फीलर गेजने पाहावी. फट झिजून वाढली की ठिणगीला जास्त दाबाची वीज लागते. ती पुरवता पुरवता कॉइल जाते, आणि कॉइलची किंमत प्लगच्या कितीतरी पट असते.

प्लग बसवताना पहिले आटे हातानेच लावावेत, पाना नंतर. तिरका लागला तर हाताला लगेच कळते, पान्याला कळत नाही. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. तोच प्लग पुन्हा लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून एका फेऱ्याचा बारावा भाग एवढाच फिरवावा. उतरत्या बुडाच्या, बिनवॉशरच्या प्लगला तर त्याहूनही कमी, सोळावा भाग. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतले माप लावावे.

एक सिलिंडर मिसिंग मारत असताना गाडी तशीच दामटली तर न जळलेले इंधन धुराबरोबर बाहेर पडते आणि सायलेन्सरमधल्या शुद्धीकरणाच्या डब्यात जाऊन जळते. नव्या गाड्यांत हा डबा मॅनिफोल्डला लागूनच असतो. तो लालबुंद झाला की उष्णता मॅनिफोल्डला आणि त्याच्या स्टडला सोसावी लागते.

स्टड का तुटतो

सिलिंडरांमधून निघणारा जळका धूर एकत्र करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा बिडाचा फाटे असलेला नळ म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तो हेडला ज्या खुंट्यांनी आवळलेला असतो ते स्टड. स्टडला बोल्टासारखे डोके नसते, दोन्ही टोकांना आटे असतात. एक टोक हेडमध्ये, दुसऱ्यावर नट.

लोखंड तापले की वाढते. साठ सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड चारशे अंशांनी तापला तर अडीच मिलिमीटरहून थोडा अधिक लांब होतो. ज्या हेडला तो आवळला आहे ते मात्र पाण्याने थंड राहते, त्यामुळे त्याची वाढ अर्ध्या मिलिमीटरच्या आत. म्हणजे मधला भाग जागेवर राहिला तर प्रत्येक टोक एक मिलिमीटरने बाहेर सरकू पाहते. हे सरकणे गाडी तापली की एकदा, निवली की उलट एकदा, असे हंगामात शेकडो वेळा होते. म्हणूनच तुटणारा स्टड बहुधा पहिला किंवा शेवटचा असतो, मधला क्वचित. मॅनिफोल्डची छिद्रे स्टडपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात ती याच सरकण्यासाठी. काही मोठ्या इंजिनांत तर मॅनिफोल्ड दोन-तीन तुकड्यांत, एकात एक सरकणारा असतो. "आणखी आवळ, आणखी आवळ" म्हणून नट गच्च केला की सरकायला जागा राहत नाही आणि सगळा ताण स्टडच्या मानेवर येतो.

दुसरे कारण पुष्कळदा नजरेतून सुटते. सायलेन्सरच्या पाइपाला धरून ठेवणारा पट्टा किंवा ब्रॅकेट तुटलेला असतो. मग तो सगळा पाइप मॅनिफोल्डवर लोंबकळतो. बांधावरून, पांदणातून, नाल्याच्या उतारातून गाडी हिंदकळली की प्रत्येक हिसका स्टडला बसतो. इंजिनाचे रबर माउंटिंग बसलेले असले तरी तेच होते. स्टड नवा टाकला आणि ब्रॅकेट तसाच ठेवला तर त्याच ठिकाणी पुन्हा तुटणार. मिस्त्रीला दोष देण्याआधी गाडीखाली वाकून ब्रॅकेट पाहावा. याशिवाय, तापलेल्या इंजिनानिशी पाण्यातून गाडी काढणे किंवा वरून पाणी ओतणे यानेही बीड तडकते.

ओळखायचे कसे

सकाळी थंड इंजिन चालू केले की टिक्-टिक् किंवा फट्-फट् असा आवाज येतो आणि गाडी तापल्यावर तो कमी होतो. तापून मॅनिफोल्ड फुगला की फट बुजते म्हणून. कोणी त्याला टॅपेटचा आवाज समजून टॅपेट कसत बसतो. खात्रीसाठी हेड आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर बॅटरीचा उजेड पाडून पाहा. गळतीच्या जागी काळ्या काजळीचा पंखा उमटलेला दिसतो. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्याजवळून फिरवले तर नेमकी जागा सापडते. टर्बोवाल्या डिझेल गाडीत गळती झाली की टर्बोला धुराचा जोर मिळत नाही, गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते. पेट्रोल व गॅसच्या गाडीत त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते, ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि इंधन जास्त सोडले जाते. तेव्हा ॲव्हरेज पडले म्हणून लगेच पंपवाल्यावर संशय घेऊ नये.

"भाऊ, एका स्टडने काय होते? आवाज येतो तेवढाच," असे चालक म्हणतो. पैशापुरते ते एक वेळ चालून जाईल, पण येथे जिवाचा प्रश्न आहे. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाची थंडी विदर्भात नावाजलेली. पारा दहा अंशांखाली उतरतो. कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग, आपला नंबर पहाटे लागणार. चालक काचा बंद करतो, इंजिन चालू ठेवतो आणि केबिनमध्ये झोपतो. इंजिन केबिनच्या खालीच. मॅनिफोल्डची फट फुंकत असेल तर तो धूर केबिनच्या तळातून, गिअरच्या रबरी टोपीच्या भेगेतून वर येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे. आणि झोपलेल्या माणसाला ती कळतच नाहीत. फुंकणाऱ्या गाडीत इंजिन चालू ठेवून कोणीही झोपू नये, क्लीनरनेही नाही. खरे तर धडधाकट गाडीतही बंद काचांआड इंजिन चालू ठेवून झोपणे टाळावे, घोंगडी बरी. कोणी गुंगलेला आढळला तर आधी उघड्या हवेत काढा आणि लगेच दवाखान्यात न्या.

आगीचाही धोका आहे. फटीतून निघणारा धूर डिझेलची नळी, वायर किंवा मॅनिफोल्डवर अडकलेले पाचट यांवर लागला की पेट घ्यायला वेळ लागत नाही. उसावर पाचट असते, आणि शेजारच्या बांधीत तणसाचे ढीग असतात.

तुटलेला स्टड काढणे

येथे प्लगच्या उलट. प्लग थंड काढावा, स्टडला मात्र ऊब मानवते. आदल्या संध्याकाळी सर्व नटांवर आणि स्टडच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, रात्रभर मुरू द्यावे. सकाळी इंजिन थोडे चालवून हात लावता येईल इतपत कोमट करावे व बंद करून नट सोडावेत. तुटलेला एक काढताना चांगले दोन तोडायचे, हा प्रकार गॅरेजमध्ये रोज होतो. म्हणून नट अडला की आधी किंचित आवळा, मग सोडा. सहा बाजूंचा बॉक्स पाना वापरावा. बारा बाजूंचा गंजलेल्या नटाचे कोपरे खातो.

मॅनिफोल्ड निघाला की स्टडचे थोटूक किती बाहेर आहे ते पाहावे.

बोटभर बाहेर असेल आणि आटे शाबूत असतील तर दोन नट एकावर एक चढवून परस्परांत आवळावेत आणि आतल्या नटावर पाना लावून सोडवावे. आटे गेले असतील तर लॉकिंग पकडीने धरून हळूहळू हलवावे.

थोटूक हेडच्या पातळीला किंवा किंचित वर असेल तर माझ्या मते वेल्डिंगचाच उपाय सर्वांत चांगला. थोटकावर थोडा मोठा नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड करावे. नटही जोडला जातो आणि त्या उष्णतेने आतला गंजही सुटतो. लाली जाऊ द्यावी, मग पान्याने थोडे पुढे-मागे करत काढावे. पहिला नट निसटला तर दुसरा लावावा. तीन-चार वेळा करावे लागले तरी ड्रिलपेक्षा बरे. ॲल्युमिनियमच्या हेडलाही हे चालते, कारण पोलादाचे वेल्ड त्याला धरत नाही. मात्र ॲल्युमिनियमच्या हेडवर गॅसची ज्योत धरू नये. ॲल्युमिनियम वितळण्यापूर्वी लाल होत नाही, एकाएकी खाली बसते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्यात, नव्या गाडीत कंट्रोल युनिटचा जोडही काढावा, आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या जवळच हेडला लावावा. गाडी सी.एन.जी.ची असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून, नळीतला गॅस संपवूनच काम करावे, आणि ते जाणत्या मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे.

थोटूक आत खोल तुटले असेल तर ड्रिलशिवाय इलाज नाही, आणि येथेच हेडचे नुकसान होते. तुटलेला तोंडवळा वेडावाकडा असतो, ड्रिल घसरून मऊ हेडमध्ये शिरते. आधी तोंड सपाट करून बरोबर मध्यावर सेंटर पंचचा ठसा घ्यावा. मॅनिफोल्डच्या छिद्रात बसेल अशी, मधे बारीक भोक असलेली बुश खरादीकडून करून घ्यावी, आणि मॅनिफोल्ड जागेवर लावून त्या बुशमधून ड्रिल घालावे. मग ते सरळच जाते. तीन मिलिमीटरपासून सुरुवात करून पायरीपायरीने वाढवावे. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्याच्या स्टडला ६.८ आणि दहा मिलिमीटरच्याला ८.५ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा. त्यापुढे गेले की हेडचे आटे संपले. उलट्या फेऱ्याचे ड्रिल मिळाले तर उत्तम, पुष्कळदा ड्रिल करता करताच थोटूक फिरून बाहेर येते.

भोकात ठोकून उलटे फिरवायचा एक्सट्रॅक्टर बाजारात स्वस्त मिळतो. तो जपून वापरावा. तो इतक्या कठीण पोलादाचा असतो की आत तुटला तर साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही, आणि मग हेड उतरवून मोठ्या वर्कशॉपला न्यावे लागते. हाताला गच्च वाटले की थांबावे.

ड्रिल करताना धुराच्या तोंडांत स्वच्छ कापड कोंबावे आणि शेवटी आठवणीने काढावे. टर्बोच्या पंख्याला लोखंडाचा एक कणही पुरेसा होतो. काही इंजिनांत स्टडचे छिद्र पाण्याच्या जागेपर्यंत आरपार असते. तेथे आधी कूलंट काढून घ्यावा आणि नवा स्टड सीलंट लावून बसवावा. आटे बिघडलेच तर स्प्रिंगसारखे पोलादी आटे बसवून मूळ मापाचा स्टड टाकता येतो. मोठे भोक पाडून जाडा बोल्ट ठोकण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

पुन्हा बांधणी

छिद्रातून टॅप फिरवून आटे साफ करावेत. दोन्ही तोंडांवरची जुनी पॅकिंग खरवडून काढावी आणि मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फट पाहावी. मॅनिफोल्ड वाकला असेल तर मशिनवर तोंड सपाट करून घेतल्याशिवाय बसवू नये. वाकलेला मॅनिफोल्ड नटांच्या जोरावर सरळ करू गेले की नवे स्टड त्याच दिवशी ताणले जातात. पॅकिंग नेहमी नवी.

एक तुटला असेल तरी त्या ओळीतले सर्वच स्टड बदललेले बरे. बाकीच्यांनीही तेवढीच उष्णता खाल्लेली असते. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट कापून स्टड करू नये. थंडीत तो मजबूत दिसतो, तापला की नरम पडून लांबतो आणि नट सैल होतो. उष्णता सोसणाऱ्या पोलादाचा, कंपनीचा स्टड घ्यावा. नट तांब्याचा थर असलेले मिळाले तर पुढच्या वेळी सहज सुटतील.

नट मध्यापासून दोन्ही टोकांकडे, तीन फेऱ्यांत, पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळावेत. कडेचे आधी आवळले तर मधला भाग उचललेला राहतो. सायलेन्सरचा ब्रॅकेट लावल्यानंतरच पाइपाचा जोड पक्का करावा. पाइप ओढून-ताणून बसवला की तो ताण पुन्हा स्टडवरच येतो.

मग गाडी चालू करून आवाज ऐकावा, सांध्याभोवती हात दुरूनच फिरवून पाहावा. एक-दोन रिकाम्या खेपा झाल्यावर इंजिन पूर्ण थंड करून नट पुन्हा तपासावेत, पण पुस्तिकेने मना केले असेल तर नाही. काढलेला एक जुना स्टड नटासकट डिकीत ठेवावा. आठ आणि दहा मिलिमीटरच्या स्टडमध्येही बारीक व जाड असे दोन प्रकारचे आटे येतात, आणि दुकानात माप तोंडी सांगण्यापेक्षा नमुना पुढे ठेवला तर गोंदियाहून चुकीचा माल घेऊन परत यावे लागत नाही.